ठाण्यातला ४ बीएचके: डिझायनरच्या मूडबोर्डातलं काय ठेवावं, काय उडवावं?

तेविसावा_मजला

ठाण्यात नव्या टॉवरमध्ये ४ बीएचके, कार्पेट साधारण १६५० चौरस फूट. बांधकाम मिवानचं (ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतायची पद्धत), त्यामुळे आतल्या भिंतीही बहुतेक आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या. बिल्डरने ८०० × ८०० च्या व्हिट्रिफाइड फरश्या घालून दिल्यात. फरशीपासून स्लॅबपर्यंत उंची २.९ मीटर. पश्चिमेची भिंत पावसाच्या माऱ्याची.

डिझायनरचा प्रस्ताव असा आहे. दिवाणखान्यात आहे त्या फरशीवरच बोटिचिनो (फिकं इटालियन) मार्बल. टीव्हीच्या भिंतीला अक्रोडाचं व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) आणि फ्लुटेड, म्हणजे उभ्या खाचांचं पॅनेल. पश्चिमेच्या भिंतीला मायक्रोसिमेंट (सिमेंटचं पातळ फिनिश) किंवा चुन्याचा गिलावा, आणि तिच्यावर वरून प्रकाशाचा झोत. सगळीकडे फॉल्स सीलिंग, डक्टेड एसी, मॅग्नेटिक ट्रॅक (चुंबकाने दिवे बसणारी पट्टी), प्रोफाइल लाइट (ॲल्युमिनियमच्या खाचेतली एलईडी पट्टी). किचन बिनहँडलचं, मध्ये सिंटर्ड स्टोनचं (दाब आणि उष्णतेने घडवलेल्या कृत्रिम दगडाचं) आयलंड, म्हणजे सुटा ओटा, आणि त्यावर शेगडी. हे सगळं केएनएक्सवर (तारेने जोडलेल्या स्मार्ट स्विचच्या यंत्रणेवर) चालणार. "सध्या लक्झरीत हेच चाललंय" असं उत्तर मिळतं.

चाललंय हे मान्य. पण यातलं दहा वर्षं नीट टिकेल असं काय, आणि कामाच्या कुठल्या टप्प्यावर काय विचारून घ्यायचं? खर्चाचा अंदाज नको, तांत्रिक बाजू हवी आहे.

ओळंबा

मार्बलच्या रंगाआधी वजन बघा. १८ मिमी मार्बल प्रति चौरस मीटर ४९ किलोच्या आसपास. खाली ३० मिमी सिमेंट-वाळूचा थर धरला तर आणखी ६०-६५. म्हणजे सध्याच्या फरशीवर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ११० किलोची भर. जी फरशी आत्ता आहे तिचं आणि तिच्याखालच्या मालाचं वजनही तेवढंच भरतं. स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये फरशीसाठी साधारण १ ते १.५ किलोन्यूटन, म्हणजे १०० ते १५० किलो प्रति चौरस मीटर धरलेले असतात. ते बिल्डरनेच वापरून टाकलेत. वरचे ११० किलो मग माणसं आणि सामानासाठी धरलेल्या २०० किलोंतून जातात (आयएस ८७५, भाग २ मधला घरांसाठीचा आकडा). इमारत उद्या पडणार नाही, पण सोसायटीचा स्ट्रक्चरल इंजिनिअर यावर सही करणार नाही, आणि त्याने करूही नये.

मार्ग दोन. जुनी फरशी खालच्या मालासकट काढून मार्बल लावा. नाहीतर फरशीवर ५-६ मिमी ॲडहेसिव्हवर लावा, मग भर ६० किलोच्या आत राहते. यासाठीही लेखी परवानगी घ्या. दुसऱ्या मार्गात उंची जवळपास २५ मिमी वाढते, म्हणून मुख्य दार, बाल्कनीच्या स्लायडिंगचा खालचा ट्रॅक आणि बाथरूमचे उंबरे आधी मोजा. बाल्कनीकडची फरशी ट्रॅकच्या वर गेली तर पावसाचं पाणी सरळ आत.

मिवानमध्ये भिंतीत झिरी पाडून नवी वायरिंग करायची नाही. सळईवरचं काँक्रीटचं आवरण २०-२५ मिमीचं, पाइप बसेल इतकी झिरी घेतली की सळई उघडी पडते. स्लॅब पोस्ट-टेन्शन (आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला) आहे का हेही बिल्डरकडून लेखी घ्या. असेल तर झुंबराचा अँकर मारण्याआधी केबलचा नकाशा हवाच. ताणलेली केबल ड्रिलने तुटली तर ते नुसतं भोक बुजवून भागणारं काम नाही.

गुण्या

ओळंबा यांच्या झिरीच्या मुद्द्यालाच जोडून. टीव्हीच्या भिंतीवरचं पॅनेलिंग ठेवा, कारण तुमच्या घरात त्याला खरं काम आहे. भिंतीपासून ५० मिमी पुढे बॅटनवर (आधाराच्या पट्ट्यांवर) पॅनेल घेतलं की सगळ्या नव्या वायरी, टीव्हीचे पाइप, स्पीकरच्या लाइनी त्या पोकळीतून जातात. मात्र टीव्हीच्या मागे किमान एक पॅनेल स्क्रूवर निघणारं ठेवा. सगळी चिकटवून टाकली तर पुढे एका एचडीएमआय वायरीसाठी व्हिनिअर फोडावं लागतं.

फ्लुटेडमध्ये तीन माल एकाच नावाने विकतात. चारकोल पॅनेल म्हणजे पॉलिस्टायरिन: हलकं, पाण्याला घाबरत नाही, पण उष्णतेने वाकतं आणि जवळून बघितलं की छापील वाटतं. एमडीएफवर कोरलेलं दिसायला उत्तम, पण फरशी पुसताना खालची कड ओली होऊन फुगते. त्याला खाली १० मिमी मोकळी फट आणि धातूची पट्टी द्या. तिसरं लाकडाच्या पट्ट्यांचं. तिथे किल्न-सीझन केलेला, म्हणजे भट्टीत वाळवलेला माल मागा आणि मॉइश्चर मीटर लावून १२ टक्क्यांच्या आत आहे हे साइटवर बघा. जूनमध्ये ओला माल लावला की जानेवारीत फटी दिसतात. माझं मत विचाराल तर फ्लुटेड एका भिंतीच्या एक तृतीयांशावर पुरे. चार भिंतींना लावलं की धूळ पुसणाऱ्या बाईंनाच त्याचा खरा हिशेब कळतो.

व्हिनिअरचं म्हणाल तर शीट निवडताना सगळ्या एकाच ओंडक्याच्या आणि क्रमांक सलग असलेल्या घ्या, एक-दोन जादा. बुकमॅच (शेजारच्या शीटच्या रेषा आरशासारख्या जुळवणं) करायचं असेल तर कापण्याआधी शीट फरशीवर मांडून, खडूने नंबर टाकून फोटो काढा. शटरच्या एका बाजूला ४ मिमी व्हिनिअर आणि मागे नुसता पातळ कागदी लायनर असेल तर शटर वाकणारच; मागेही तेवढ्याच जाडीचा बॅलन्सिंग थर लागतो. जमिनीपासून सीलिंगपर्यंतच्या २४०० मिमी शटरला साधा प्लाय नको. पाइनचा चांगला ब्लॉकबोर्ड, आत सरळ ठेवणारा ॲल्युमिनियमचा अलाइनर आणि ५ बिजागऱ्या. ओल्या जागी आयएस ७१० चा मरीन प्लाय, बाकी खोक्यांना आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) पुरतो. सगळ्या घरात मरीन घालायला लावणारा सुतार तुमचे पैसे उडवतोय. पीयू पॉलिशची फवारणी पावसाळ्यात करू नका. दमट हवेत वरचा थर दुधाळ पडतो.

दगडफूल

बोटिचिनो लावताय तर लावणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: स्लॅबच्या मागची जाळी कशी हाताळणार? इटालियन स्लॅबच्या पाठीला फायबरची जाळी इपॉक्सीने चिकटवलेली असते. इपॉक्सीवर सिमेंट धरत नाही. सहा महिन्यांनी ठोकून बघितलं की पोकळ आवाज येतो तो बहुधा यामुळे. एक तर जाळी घासून काढतात, नाहीतर पाठीवर इपॉक्सीत वाळूचे खडे चिकटवून खरखरीत करतात, किंवा त्याला चालणारं ॲडहेसिव्ह वापरतात. उत्तर "आम्ही नेहमी असंच लावतो" आलं तर दुसरा माणूस बघा.

फिक्या मार्बलखाली राखाडी सिमेंट नको, पांढरं ॲडहेसिव्हच. राखाडीचा ओलावा दगडातून वर येतो आणि डाग पडतो, तो कुठल्याच पॉलिशने जात नाही. जुन्या फरशीवर लावताना प्रत्येक फरशी ठोकून बघा, पोकळ असलेल्या उपटा, चकाकी डायमंड कपाने घासून काढा. ॲडहेसिव्ह खालीही आणि दगडाच्या पाठीलाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते पुढच्या टप्प्यावर. फरशी लावली की सुतार येणार म्हणून कंत्राटदार तिच्यावर प्लास्टिक टाकून वर पीओपी ओततो. आतला ओलावा अडकतो, आणि दोन महिन्यांनी पीओपी फोडलं की पिवळे-काळे पट्टे. निदान तीन आठवडे उघडी ठेवा, मग झाका. जोडातली इपॉक्सी आणि पहिली घासाई आधी झाली तरी शेवटचं पॉलिश सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन सगळे गेल्यावर.

एक गैरसमज फार पसरलाय. सीलर लावला की मार्बल निर्धास्त, असं नाही. सीलर तेल-हळदीचा डाग आत मुरण्यापासून अडवतो. कोकम, लिंबू, चिंच यांची आंबट धार पडली की दगडाचा वरचा थरच विरघळतो आणि चकाकीत मेलेला ठिपका राहतो. सीलर असला तरी. म्हणून जेवणाच्या टेबलाखालच्या भागाला आरशासारखं पॉलिश न घेता होन्ड (मंद, बिनचकाकीचं) फिनिश घ्या, तिथे ठिपका उठून दिसत नाही. बाथरूमचं ॲसिड त्या फरशीच्या आसपास फिरकू देऊ नका.

मंदप्रकाश

२.९ मीटर उंचीत "सगळीकडे फॉल्स सीलिंग" हे वाक्यच खोडा. डक्टेड युनिट २००-२५० मिमी उंचीचं, त्याला टांगणी, पाण्याचा उतार आणि बोर्ड धरून ३००-३५० मिमी खाली यावं लागतं. म्हणजे खोलीची उंची २.५५ वर. युनिट पॅसेज आणि बाथरूमच्या बाहेरच्या पट्ट्यात ठेवा, हवा लांब झिरीच्या ग्रिलमधून खोलीत सोडा, आणि खोलीचा मधला भाग स्लॅबपर्यंत उघडा किंवा जेमतेम ७०-८० मिमी खाली ठेवा. ड्रेनला दर मीटरला १० मिमी उतार हवा. ६ मीटर पाइप म्हणजे ६० मिमी, हे डिझायनरच्या ड्रॉइंगमध्ये बहुधा नसतं. बीममधून कोअर (आरपार गोल भोक) मारून पाइप नेऊ देऊ नका. पाइपला नायट्राइल रबराचं वेष्टण नसेल तर पावसाळ्यात त्याला बाहेरून घाम सुटतो आणि सीलिंगवर पिवळा डाग येतो. लोक मग उगाच वरच्या मजल्यावाल्याशी भांडतात. युनिटखाली दुरुस्तीसाठी उघडता येणारी ६०० × ६०० ची झडप हवी.

आता प्रकाश. स्लॅब उघडा ठेवलेल्या मधल्या भागात मॅग्नेटिक ट्रॅक पुरून बसणार नाही, तिथे वरून लावायचा प्रकार घ्या किंवा ट्रॅक कडेच्या पट्ट्यात न्या. हा ४८ व्होल्टचा असतो आणि एका कंपनीचा दिवा दुसरीच्या ट्रॅकमध्ये सहसा बसत नाही. कंपनी बंद पडली की ट्रॅक शोभेचा. म्हणून ४-५ जादा दिवे आणि एक ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारा डबा) आजच घेऊन ठेवा.

प्रोफाइल लाइटला २४ व्होल्टची सीओबी (ठिपके न दिसणारी सलग एलईडी) पट्टी सांगा. १२ व्होल्टला लांबीबरोबर व्होल्टेज जास्त पडतं, शेवटचं टोक पिवळट आणि मंद दिसतं. दर मीटरला १० वॅटची पट्टी ५ मीटर असेल तर ५० वॅट होतात. ड्रायव्हर ८० टक्क्यांवर चालवायचा हिशेब धरून ७५ वॅटचा घ्या. पाच मीटरच्या पुढे दोन्ही टोकांकडून वीज द्या. ॲल्युमिनियम प्रोफाइल न वापरता पट्टी थेट जिप्समवर चिकटवली तर उष्णता जायला वाट नसते आणि एलईडी लवकर मरतात. ड्रायव्हर कधीच सीलिंगमध्ये गाडू नका. हात पोचेल अशी झडप द्या, नाहीतर कपाटाच्या वरच्या खणात एकत्र ठेवा.

दिवाणखान्यात ३००० केल्विन (आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर), बेडरूममध्ये २७००, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर. अक्रोडाचं व्हिनिअर ८० सीआरआयच्या दिव्याखाली मातकट दिसतं, मग लोक पॉलिशवाल्याला धरतात. डिमर हवा असेल तर ड्रायव्हर कोणत्या पद्धतीने मंद होतो ते आधी ठरवा. फेज-कट (मुख्य विजेची लहर कापून मंद करणारा) डिमर आणि न जुळणारा ड्रायव्हर म्हणजे लुकलुक.

तुमच्या पश्चिम भिंतीचं एक. भिंतीपासून १००-१५० मिमीवर लावलेला झोत पृष्ठभागावरचा प्रत्येक उंचवटा दाखवतो. चुन्याच्या गिलाव्यावर तो सुंदर, कारण थापीच्या खुणा हाच त्याचा चेहरा. पुट्टी-रंगाच्या भिंतीवर हाच दिवा मिवानच्या पाट्यांचे सांधे उघडे करतो. तिथे दिवे भिंतीपासून ६००-९०० मिमीवर घ्या.

कढई_आणि_कोकम

आयलंडवर शेगडी ही कल्पना परदेशी छायाचित्रांतून आलेली आहे. फोडणी दिल्यावर तेलाचे शिंतोडे चारही बाजूंनी उडतात, आणि चिमणी मध्यभागी टांगायची म्हणजे १५० मिमीचा डक्ट सीलिंगमधून बीमखालून बाहेर न्यायचा. प्रत्येक काटकोनात ओढ कमी होते. ४ इंची पाइपवर उतरवला तर आवाज वाढतो आणि धूर घरातच. गॅसचा पाइप फरशीखालून आयलंडला नेता येत नाही, जागा बदलायची तर काम गॅस कंपनीमार्फतच होतं. मुख्य शेगडी बाहेरच्या भिंतीलगत, युटिलिटीच्या जवळ ठेवा. आयलंडवर फार तर इंडक्शन. चार झोनचं इंडक्शन ७.२ किलोवॅटचं असतं, म्हणजे जवळपास ३१ अँपिअर. त्याला ६ चौरस मिमीची तांब्याची स्वतंत्र वायर आणि स्वतःची एमसीबी हवी, आणि मंजूर लोड पुरतो का ते बघावं लागेल. फरशी काढणारच असाल तर आयलंडपर्यंतचा या वायरीचा पाइप तेव्हाच खालच्या मालात घालून घ्या, नंतर ती संधी नाही.

सिंटर्ड स्टोन ओट्याला क्वार्ट्झपेक्षा चांगला. क्वार्ट्झमध्ये रेझिन असतं, गरम कढई थेट ठेवली की करपल्याचा डाग पडतो, आणि खिडकीच्या उन्हाने पांढरा रंग पिवळतो. सिंटर्डला या दोन्हीचं भय नाही, पण कडा ठिसूळ. खलबत्त्याचा फटका किंवा कुकरची कड लागली की टवका उडतो. सिंकच्या कापाचे आतले कोपरे गोलाईदार हवेत. चौकोनी कापले तर तडा त्याच कोपऱ्यातून सुरू होतो. १२ मिमी स्लॅबखाली सलग आधार द्या, खोक्यांच्या कडांवर टेकवू नका. आणि मागवण्याआधी सर्व्हिस लिफ्टची आतली मापं घ्या. १६०० × ३२०० चा १२ मिमी स्लॅब १४५ किलोच्या आसपास भरतो आणि बहुतेक लिफ्टमध्ये मावतच नाही. साइटवर उभा कापून आणायचा ठरला तर शिरांची जुळणी कुठे तुटणार ते आधी ठरवावं लागतं.

बिनहँडलमध्ये गोला प्रोफाइल (हँडलऐवजी बोटं घालायची धातूची खाच) घेणार असाल तर खाच हात जाईल इतकी रुंद आहे ना ते नमुन्यावर बघा. त्यात कणकेचं पीठ साचतं, रोज पुसावं लागतं. दाबून उघडणारे शटर मात्र ओट्याखाली नकोतच. पोळ्या लाटताना पोट टेकलं की ड्रॉवर उघडतो.

जाता जाता: मूडबोर्डात देवघर असेलच. मागून उजळलेलं कोरीव ॲक्रिलिक सध्या सगळीकडे दिसतं. ते तेवणाऱ्या समईच्या वर किंवा अगदी मागे येऊ देऊ नका, उष्णतेने पिवळतं आणि काजळी नक्षीत बसते.

बिन_ॲपचा_माणूस

केएनएक्स कशाला? साध्या वाय-फाय स्विचने सगळं होतं, एक दशांश पैशात.

मंदप्रकाश

होतं, पण राउटर बंद पडला की ॲपही बंद, आणि पन्नास-साठ स्विच एकाच वाय-फायवर घातले की मग तक्रारी सुरू. केएनएक्स तारेवर चालतं, प्रत्येक स्विचमध्ये स्वतःची बुद्धी असते, वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकत्र चालतात. पण त्याची बस केबल २३० व्होल्टच्या वायरीपासून वेगळ्या पाइपातून जावी लागते, आणि झिरी न पाडता मिवानच्या घरात ती सगळ्या खोल्यांत न्यायची तर सीलिंग आणि पॅनेलचीच वाट. त्यामुळे या घरात मी सरसकट केएनएक्स घेणार नाही. दिवाणखाना, पॅसेज आणि मास्टर बेडरूम इतकंच तारेवर. मुलांच्या खोल्यांत झिग्बी किंवा मॅटर (स्मार्ट उपकरणं जोडायच्या पद्धती) चालणारे मॉड्यूल स्विचच्या मागे. त्यांतल्या बहुतेकांना बॉक्समध्ये न्यूट्रल वायर लागते, ती आहे का हे आजच एक स्विच उघडून बघा. पडद्यांच्या मोटरसाठी प्रत्येक खिडकीच्या एका टोकाला पेल्मेटमध्ये (पडद्याचा दांडा झाकणाऱ्या खोक्यात) वीज हवी. जाळीचा आणि जाड असे दोन पडदे असतील तर पेल्मेट २०० मिमीहून कमी खोल नको.

तेविसावा_मजला

फार मोलाचं आहे हे सगळं, सर्वांचे आभार. शेगडी भिंतीला, आयलंडवर इंडक्शन, मधलं सीलिंग उघडं, फरशी काढून मार्बल, एवढं डिझायनरला कळवतो. एकच राहिलं: पश्चिमेच्या भिंतीला चुना की मायक्रोसिमेंट?

गुण्या

आधी ती भिंत कोरडी आहे का ते ठरवा. ताबा नुकताच मिळालाय, म्हणजे तिने अजून पाऊस नीट खाल्लेला नाही. एक पावसाळा जाऊ द्या. सप्टेंबरात मॉइश्चर मीटरने खिडकीच्या चौकटीभोवती, स्लॅबच्या सांध्याला आणि खालच्या फूटभर पट्ट्यात रीडिंग घ्या. ओल असेल तर आधी बाहेरून खिडकीचं सिलिकॉन आणि सांधे दुरुस्त. आतून वॉटरप्रूफिंग फासून वर महागडं फिनिश चढवलं तर ओल तशीच राहते आणि पोपडे धरतात.

कोरडी असेल तर तिथे चुना. मायक्रोसिमेंट जेमतेम २-३ मिमीचं, वर दोन घटकांच्या पीयू सीलरने बंद केलेलं. मागून जरा वाफ आली तरी फुगा धरतो, आणि तडा गेला तर ठिगळ लपत नाही, सबंध भिंत पुन्हा करावी लागते. त्याची जागा बाथरूममध्ये, जाळी आणि वॉटरप्रूफिंगवर. चुना श्वास घेतो, लोणा आला तरी तेवढा भाग खरवडून पुन्हा लावता येतो आणि रंग बऱ्यापैकी मिसळतो.

मिवानची भिंत काचेसारखी गुळगुळीत असते, त्यावर चुना धरणार नाही. बिल्डरची पुट्टी पूर्ण खरवडा, क्वार्ट्झचे कण असलेला प्रायमर लावा. आरसीसी आणि ब्लॉकची भिंत जिथे भेटते तिथे १५० मिमी रुंद फायबरची जाळी. मग दोन-तीन पातळ थर, शेवटचा पोलादी थापीने घोटून. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू घट्ट होतो, म्हणून घाईने एसी लावून वाळवू नका आणि दोन-तीन आठवडे त्यावर काही टांगू नका. कारागिराकडून ३ × ३ फुटांचा नमुना त्याच भिंतीवर करून घ्या, हातात धरायच्या बोर्डावर नको, आणि तो मंदप्रकाश म्हणतात तसा वरून झोत पाडून रात्री बघा.

ओळंबा

त्या भिंतीवर सोफ्याची पाठ टेकणार असेल तर खालचा मीटरभर भाग मेणाने घोटून घ्यायला सांगा. आणि फरशी काढून मार्बल घालायची परवानगी मागताना सोसायटीला अर्जासोबत वजनाचा तक्ता जोडा: जुनं काढलेलं किती, नवं घातलेलं किती. स्ट्रक्चरल इंजिनिअरला तोच बघायचा असतो. राडारोडा रोजच्या रोज खाली न्यायचा हेही अर्जात लिहा. एका खोलीत फोडलेल्या मालाचा ढीग लावून ठेवला तर त्या कोपऱ्यात चौरस मीटरला ५००-६०० किलो सहज होतात.